वर्गात लावलेला आवाज

ती. आईस,

दुरूनच पाया पडतो. समोर असतो तर तू पाय मागे घेतले असतेस.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बाबांच्या पायाचं प्लास्टर कधी काढणार? ताई धड सांगत नाही आणि तू माझा फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं.

देशांपुढचे नवे धोके शिकवायला मला इथे बोलावलंय. कॉम्प्युटर कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो, हे अधिकाऱ्यांना दाखवायचं होतं. हाताशी फोनवरचे तुझे बोललेले निरोप होते, तेच कॉम्प्युटरला दिले. मग तुझ्याच नंबरावरून, तुझ्याच आवाजात त्यांनी मला खोटे फोन केले. आम्ही पोट धरून हसलो.

त्याच आठवड्यात तू रडत म्हणालीस, "अरे, बाबा पडलेत, उठतच नाहीत." मी म्हटलं, "छान जमलंय हं!" आणि फोन ठेवला. शेवटी शेजारच्या काकांनी गाडी काढली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तुझा आवाज आता अभ्यासक्रमातच गेलाय. आज परीक्षेला, खरा की खोटा ओळखायला, मी तुझा अस्सल निरोप लावला, "जेवलास का रे?"

तीसच्या तीस जणांनी लिहिलं, खोटा.

तुझा,
दीडशहाणा