नोकरीपुरता पैलवान

३ जून १९७४, सोमवार

आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली? तेव्हा हाताशी असावी.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड रिन्यू करून आलो. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली. थर्ड क्लास आहे, पण तो पेपर तपासणाऱ्याचा दोष. खिडकीतल्या माणसाने विचारलं, टायपिंग येतं का? म्हटलं, माझा विषय अर्थशास्त्र. तो म्हणाला, ते सगळ्यांचंच असतं. असल्यांना नोकऱ्या आहेत.

परत येताना आकाराम भेटला. आमच्या भावकीतला. मॅट्रिकला तीनदा बसला, तिन्ही वेळा इंग्रजीत आपटला. साखर कारखान्यात क्लार्क म्हणून लागलाय! कारखान्याला मैदान मारणारे पैलवान हवे होते, हा तालमीतला. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा.

बसून विचार केला. मॅट्रिक नापास अधिक कुस्ती बरोबर क्लार्क. मग बी.ए. अधिक कुस्ती बरोबर ऑफिसर, किमान. उद्या पहाटेपासून तालीम.

मुरगूडचे गणपतराव आता काय म्हणतात बघू. त्यांची कालिंदी मला द्यायची हे ठरल्यातच जमा आहे, पण 'आदी नोकरी, मग अक्षता' यावर म्हातारा अडून बसलाय. ऑफिसर जावई बघून फेटा सांभाळत पळत येईल.

४ जून

उठलो नाही. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

५ जून

तालमीत गेलो. वस्ताद आण्णांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि सोडून दिला. नोकरीसाठी आलोय हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, 'पावणं, समदी त्याचसाठी येत्यात. आमच्या येळंला नावासाठी यायची.' मग हातात फावडं दिलं आणि हौद्यातली तांबडी माती उकरायला लावली. बेसिक ट्रेनिंग.

७ जून

हात खांद्याच्या वर जात नाही. अक्षर त्यामुळे असं.

८ जून, शनिवार

अप्पांनी एक जागा आणली. आमचे वडील म्हणजे जन्माचे मास्तर, त्यांना दुसरं काय सुचणार? कोडोलीच्या हायस्कुलात शिक्षक, हंगामी, एका वर्षापुरता. हेडमास्तर त्यांचे दोस्त. येत्या शनिवारपर्यंत हजर व्हायचं.

नाही म्हणून सांगितलं. होणाऱ्या ऑफिसरने आठवीच्या पोरांकडून 'माझा आवडता प्राणी' लिहून घ्यायचा? अप्पांनी पेपर उघडला. माई मात्र भाकरी जरा जोरात थापत होती.

११ जून

कालिंदी आली होती. ती टायपिंगच्या क्लाससाठी इथे मावशीकडे राहते. निमित्त माईला भेटायचं, पण बोलली माझ्याशीच. म्हणाली, 'घ्या की ती मास्तरकी. बाबांस्नी मास्तरबी चालतोय. तुळशीच्या लग्नापतुरच थांबणार हाईत ते, फुडं दुसरं स्थळ बघणार.'

तिला दूरदृष्टी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. उठताना म्हणाली, 'दूरचं लई दिसतंय तुमास्नी. जवळचंच दिसंना झालंय.'

दूरचं दिसतं एवढं तिने मान्य केलं. समाधान वाटलं.

१५ जून, शनिवार

कोडोलीची मुदत संपली. हलकं वाटतंय. कटकट गेली.

२ जुलै

तालमीतल्या शिक्षणात मूलभूत दोष सापडला. नोट्स नाहीत! एकच डाव रोज करत बसतात, घाम गाळतात. मी अख्खं बी.ए. गाइडवर आणि आयएमपी प्रश्नांवर काढलंय. पुस्तक उघडावं लागलं नाही.

आजपासून कुस्तीच्या नोट्स. व्याख्या, महत्त्व, फायदे-तोटे, समारोप. मग एकेक डाव: धोबीपछाड, ढाक, एकलंगी. धोबीपछाड शंभर टक्के येणार. ढाक वाचून ठेवणार. एकलंगी ऑप्शनला टाकली.

आकारामला विचारलं, यंदा कुठला डाव आयएमपी आहे? तो डोकं खाजवत म्हणाला, 'समोरचा काय करंल, त्याच्यावर हाय की.' मॅट्रिकला का नापास झाला ते आज कळलं.

२१ जुलै

आण्णा अजून हौद्यात उतरवत नाहीत. माती उकरायची, तिच्यात तेल-ताक घालायचं, बाजूला उभं राहायचं. पण तालमीत माझ्याशिवाय पान हलत नाही. पोरं नोकरीचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात, तेही इंग्रजीत. पोलीस, एसटी, कारखाने. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन' इथपासून 'युवर्स ओबीडियंटली' इथपर्यंत मजकूर तोंडपाठ आहे, फक्त नाव बदलायचं. मोबदला म्हणून पेलाभर थंडाई.

१८ ऑगस्ट

माझ्या अर्जावर दोघे लागले! एक पोलिसात, एक एसटीत. दोघेही नववी. आण्णांनी पेढा माझ्या हातावर ठेवला.

त्याच मजकुराचा माझा अर्जही एसटीत होता. उत्तर आलं, जागा भरल्या. साहजिक आहे. माझाच अर्ज माझ्या आडवा आला.

१० सप्टेंबर

खुराक जोरात. दूध, तूप, बदाम. माई म्हणते, पोट सुटलं. तिला पैलवानी अंग म्हणजे काय ते कळत नाही. बैठका किती मारतो हे लिहीत नाही. पैलवानाने आकडे सांगू नयेत.

१२ ऑक्टोबर

बातमी! गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्याचं कुस्त्यांचं मैदान आहे, ३ नोव्हेंबरला. चेअरमन स्वतः बघून माणसं घेणार. आकारामच्या हातापाया पडून, म्हणजे त्याला नीट समजावून, माझीही एक कुस्ती लावून घेतली. जोड माझ्याच वजनाचा.

आण्णा म्हणाले, 'पावणं, तुमी अजून पडायचं बी शिकला न्हाईसा.' म्हटलं, आण्णा, जो पडायलाच आला नाही त्याने ते शिकायचं कशाला? त्यांनी फावडं माझ्याकडे सरकवलं.

गणपतरावांना मैदानाचं आमंत्रण धाडलं. पुढच्या रांगेत बसा म्हणून आग्रहाने कळवलं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी

रिव्हिजन पूर्ण. धोबीपछाड डोळे मिटून म्हणून दाखवला. एकही चूक नाही. माई ऐकत होती. म्हणाली, देवाचं काही म्हटलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं.

३ नोव्हेंबर, रविवार

हलगी वाजत होती. माणूस मावत नव्हता. मी सलामी दिली, माती कपाळाला लावली, आणि डावाची पहिली ओळ आठवली: 'प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताने…' समोरच्याने डावा पुढे केला. मी उजव्याची वाट बघत थांबलो.

मग आभाळ दिसलं. स्वच्छ होतं.

डाव सिलॅबसबाहेरचा होता. उठून तसा आक्षेप घेतला. पंचाने दुसरी जोडी बोलावली. चेअरमननी जवळ बोलावून विचारलं, शिक्षण किती? छाती काढून सांगितलं, बी.ए. ते म्हणाले, 'आणि हितं मातीत काय करतोस? ऑफिसात ग्रॅज्युएटच्या चार जागा हुत्या की. मागल्या म्हैन्यात भरल्या. पेपरात दिलतं.'

मागच्या महिन्यात पेपर वाचायला वेळ नव्हता. नोट्स काढत होतो.

आकारामची कुस्ती शेवटी होती. पाऊण तास लढला. दोनदा खाली गेला, दोनदा सुटला, आणि शेवटी मारली. गणपतरावांनी फेटा उडवला. त्याआधी माझ्या पाठीवरची मातीही त्यांनीच झटकली होती. सासऱ्यांना कुस्तीची एवढी आवड आहे, ही जमेची बाजू.

२० नोव्हेंबर

तालीम तात्पुरती बंद. कंबर.

अप्पांनी जेवताना सांगितलं की कोडोलीला जो लागला त्याला पुढच्या वर्षीही ठेवणार आहेत. मला उद्देशून नाही, आमटीला उद्देशून सांगितलं.

गणपतरावांकडून काही निरोप नाही. तयारीत असतील.

३० नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली. कालिंदी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. गणपतरावांनी शब्द दिलाय. आकारामच्या घरी.

मी ओरडलोच. मॅट्रिक नापास! एक वाक्य इंग्रजी येत नाही त्याला!

ती म्हणाली, 'येत न्हाय. पर येत न्हाय हे त्यास्नी ठावं हाय.' मग आवाज उतरला तिचा. 'मी बाबांस्नी जूनपासनं थोपवून धरलंतं. कोडोलीला गेला असता तर आज मला हळद तुमच्या नावाची लागली असती.' माईच्या पाया पडली आणि गेली. डोळे पुसत गेली.

गाइडमध्ये प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'अशा रीतीने' असतं. आज काही सुचत नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२ डिसेंबर, सोमवार

आकाराम आला. मान खाली. आधी पाच मिनिटं उसाच्या उताऱ्यावर बोलला. मग खिशातून कोरे कागद काढले. कारखान्यातला नवा साहेब परप्रांतातला आहे, रजेचा अर्ज इंग्रजीतच लागतो. म्हणाला, 'दुसऱ्या कुणाकडं जायाचं तेवढं सांगा, तुमी नगं म्हनला तर जातो.'

दुसऱ्या कुणाला हा मजकूर इतका येत नाही. घेतला कागद. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन.' कारण: 'माय ओन मॅरेज.' हात कुठे अडखळला नाही. स्पेलिंग सगळी बरोबर. 'युवर्स ओबीडियंटली' लिहिलं आणि सवयीने खाली सही ठोकली. माझी.

आकारामने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. खालच्या सहीपाशी थांबला. तेवढं त्याला वाचता येतं. दुसरा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

पुन्हा लिहिला. या वेळी खालची जागा मोकळी सोडली.