निहारिकाची द्वारका

फ्रीगंज, उज्जैन
१२ फेब्रुवारी

ती. आईला मृण्मयीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. बँकेत काम खूप असतं, पण जेवण वेळेवर होतं. फोनवर तू धाकट्या निहारिकाचंच सांगत बसतेस, म्हणून लिहितेय. पत्र मधेच तोडता येत नाही.

बुडालेली द्वारका शोधायला ती समुद्रात उतरली आणि तिला तळाशी भोकाचा दगड, जुन्या जहाजाचा नांगर, दिसला, हे तू मला तीनदा सांगितलंस. तिचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलास, हे मावशीकडून कळलं. मी पाठवलेली इथल्या भैरवगडची छापाची चादर अंथरलीस का?

द्वारका अजून कुणाला धड सापडलेली नाही. कृष्ण शिकला तो सांदीपनींचा आश्रम मात्र माझ्या घरापासून ऑटोने पंधरा मिनिटांवर आहे. त्याने पाटी धुतली ते कुंडही आहे. शेजारच्या भाभी विचारतात, "माताजी कब आएँगी?" मला इथे येऊन चार वर्षं झाली, तू एकदाही आली नाहीस. जे बुडालं त्याचंच तुला कौतुक!

तिला पोहायला कुणी शिकवलं, आठवतं? मळ्यातल्या विहिरीत तिच्या पाठीला सुका भोपळा मीच बांधायचे. पुढे ती तळ गाठायला बुडी मारायची, तेव्हा तिच्या कमरेचा दोर माझ्या हातात असायचा. जास्त वेळ झाला की मी दोन हिसके द्यायचे आणि ती वर यायची.

तुझे गुडघे कसे आहेत?

निहारिकाला मी रागावलेय असं सांगू नकोस. तिचा दोर आता कोण धरतं, तेवढं विचार.

तुझी थोरली,
मृण्मयी