यंत्राच्या मेंदूतून आमचे घर न पुसण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मेंदूसम संगणन व वाटशोध प्रकल्प,
तात्पुरते संशोधन केंद्र, लोणार, जि. बुलढाणा

अर्जदार : पंजाबराव पुंजाजी सरकटे, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, रा. लोणार

विषय : आपल्या यंत्राच्या स्मृतीतून माझे राहते घर न पुसण्याबाबत (तातडीचे, फार तातडीचे).

संदर्भ : माझाच मागील अर्ज, ज्यात ते घर त्वरित पुसावे अशी मागणी होती.

महोदया,

सविनय सादर करतो की, उभ्या हयातीत मी पुष्कळ कार्यालयांत पुष्कळ अर्ज केले. गल्लीतल्या नालीसाठी केलेल्या अर्जाला तर आता नातवंडे व्हायची वेळ आली. परंतु माझा मागील अर्ज आपण हातोहात मान्य केलात. सोमवारी सकाळी यंत्राची स्मृती कोरी करण्याचे, तसेच यंत्राला फिरवणारे सहायक श्री. प्रसेनजित यांना लोणारहून कार्यमुक्त करण्याचे लेखी कळवलेत. एवढी तत्परता पाहून मी लगेच पुन्हा कागद पुढे ओढला आहे. सबब तो अर्ज मागे घेत आहे. कारणे पुढीलप्रमाणे.

१. आपले यंत्र (आकार घमेल्याएवढा, चाके सहा, आवाज नम्र) उंदराच्या मेंदूच्या धर्तीवर बनवले असून नकाशा न पाहता फिरून फिरून ठिकाणे ओळखू लागते आणि चार्जिंगला लावले की दिवसभराच्या वाटा मनातल्या मनात पुन्हा घोकते, असे आपल्या माहितीपत्रकात वाचले. मंजूर मार्ग बसस्थानक ते सरोवराकाठचा धार झरा असा असताना सदर यंत्र रोज आमच्या गल्लीत वळते व आमच्या ओट्यासमोर मुक्काम ठोकते. त्या ओट्यावर माझी मुलगी सुवर्णा शिकवण्या घेते. गल्लीने याचा अर्थ काढायला वेळ लावला नाही. शेजारच्या सोजराबाई विचारू लागल्या, "काऊन हो भाऊ, आज नवरदेव आला नाही?" मुलगी पाहायला येणारे निदान एकदाच येतात. हे रोज येते आणि चहासुद्धा घेत नाही.

२. मुलीच्या बापाने करायचे ते सर्व मी केले. गल्लीच्या तोंडाशी बाज आडवी टाकली. यंत्राने बाजेला दोनदा धडक दिली, थोडा विचार केला, आणि सोजराबाईंच्या गोठ्यातून, शेळीला वळसा घालून, नवीनच वाटेने ओटा गाठला. मग उपद्रवी मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात, त्या रीतीने मी यंत्र पोत्यात घातले आणि आठवडी बाजाराच्या पलीकडे सोडून दिले. परतताना वांगी घेतली, भावाची घासाघीस केली. घरी येऊन पाहतो तो यंत्र माझ्या आधी हजर, आणि आमच्या सौ. बनाबाई त्यावरची धूळ पदराने पुसत आहेत! तक्रार घेऊन केंद्रावर आलो, तर आपले शास्त्रज्ञ अक्षरशः नाचले. "काका, हेच तर आम्हाला सिद्ध करायचं होतं!" म्हणून मला पेढा भरवला. तो मी खाल्ला, पण रागानेच खाल्ला.

३. त्याच रागात मागील अर्ज लिहिला. आपण चौकशी केलीत. यंत्र नीट चालले की त्याला शाबासकी देण्याचे एक हिरवे बटण सहायकाच्या हाती असते, आणि सर्वांत जास्त शाबासक्या आमच्या ओट्यासमोर पडल्या, असे निष्पन्न झाले. त्यावर प्रसेनजित यांचा खुलासा असा की, "सदर ठिकाणी यंत्र तापत असल्याने थांबावे लागे." त्याची प्रत आपण मला पाठवलीत, हे फार बरे केलेत. महोदया, माझी सगळी नोकरी गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली. गाडी नेहमी एकाच ढाब्यासमोर बिघडू लागली की बिघाड गाडीत नसतो. मी खुर्चीतून ताडकन उठलो. ती शाबासकी यंत्राला नव्हतीच!

४. धावत जाऊन सौ.ला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "तुमाले आज समजलं? मले तं पयल्याच दिवशी समजलं. पोरगं ओट्याकडं पाहे अन् बटन दाबे." मग सुवर्णाला विचारले की, सोमवारी यंत्र दुरुस्त होणार आहे, चालेल ना? तिने खडू खाली ठेवला. "बाबा, मशीन बरोबर चालून राह्यली. तिले हात लावू नका. अन् त्यायले म्हना, बोलाचं असंन तं सोता येऊन बोला." एवढे बोलून ती हसत आत पळाली आणि शिकवणीच्या पोरांनी एकच गलका केला. महोदया, माझी मुलगी सहजी कोणाला होकार देत नाही. आलेली स्थळे तिने चहा पाजून परत पाठवली आहेत. आनंदाने काय करावे ते मला सुचेना, म्हणून शेळीला चारा टाकून आलो. शेळी आमची नाही.

५. अडचण एवढीच की, प्रसेनजित मुखदुर्बळ आहेत. माझ्या अर्जाच्या धसक्याने ते गल्लीकडे फिरकत नाहीत. यंत्र एकटेच येते आणि उभे राहते. सोमवारी यंत्र सगळे विसरले आणि हा मुलगाही लोणार सोडून गेला, तर माझ्या मुलीचे जमत आलेले माझ्याच सहीने मोडेल. या विचाराने मला जेवण गोड लागत नाही.

तरी सोमवारची कार्यवाही रद्द करावी, सहायकांना लोणारातच ठेवावे आणि निदान मंगल परिणय पार पडेपर्यंत आमचे घर यंत्राच्या मेंदूत कायम राहू द्यावे, ही हात जोडून विनंती. त्यानंतर पुसल्यास माझी हरकत नाही. (खरे तर आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज करीन.)

हा अर्ज यंत्राच्याच पाठीवर बांधून पाठवीत आहे. उत्तर मात्र यंत्राबरोबर पाठवू नये. ते प्रसेनजित यांच्या हाती, पायी पाठवावे. वाट त्यांना ठाऊक आहे, यंत्राला त्यांनीच शिकवली. पोहे भिजवून ठेवले आहेत.

आपला उतावीळ पण नम्र,
(सही)
पंजाबराव पुंजाजी सरकटे
लोणार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) यंत्र, एक नग, धूळ पुसलेले.
२) रिकामे पोते, एक. पुन्हा माझ्या हाती लागू नये म्हणून केंद्रात जमा.