येथे संशयित राहतात

१४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तू फोन आपटलास, पण त्याआधी आवाज मी चढवला होता. तेव्हा तू म्हणतेस तसंच करू. फोन फक्त तब्येत विचारायला, बाकी सगळं पत्रात. टपाल उशिरा का होईना पोचतंय, आणि कागदावर निदान एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालता येत नाही. राजकारण काढायचं नाही ही तुझी अटही मान्य. फक्त एकच: तुझ्या लाडक्या नेत्यांनी सांगितलं म्हणून दाजींसारख्या माणसाला गच्चीत उभं करून टाळ्या वाजवायला लावलंस, त्याचा फोटो मी जपून ठेवला आहे.

आमचं प्रसिद्धी खातं सुरूच आहे. आरोग्याच्या सगळ्या सूचना मीच लिहितो. सहा टेबलांच्या खोलीत मी एकटा बसतो. संचालक पलीकडच्या खोलीत, दार लावून. गेल्या आठवड्यात घरांच्या दारांवर लावायचा फलक लिहिला. माझा मजकूर असा होता: 'या घरातील व्यक्तींना संसर्ग झाला असावा असा संशय आहे. कृपया अंतर राखून त्यांना सहकार्य करावे.' छापखान्याने कळवलं की रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत हे बसत नाही. मग मी कापत गेलो. शेवटी उरलं: 'सावधान! येथे संशयित राहतात.' संचालकांनी वाचून मान डोलावली आणि याला म्हणतात भाषा, असं म्हणाले. आता तो सगळ्या शहरांत लागणार आहे.

ताई, मला बरं वाटलं. ज्या सरकारला मी घरी बसून नावं ठेवतो, त्याच्याच शाबासकीनं. डायरीत हे लिहिताना ओशाळलो, तरी लिहून टाकलं. 'सहकार्य करावे' कापलं याची थोडी रुखरुख आहे.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावशील तेव्हा आधी दोन घास खाऊन रागव.

तुझा,
बारकू


२९ एप्रिल

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फलक आमच्या गल्लीत आला! माझ्या भावाने लिहिलाय म्हणून मी अख्ख्या गल्लीला खिडकीतून ओरडून सांगितलं. यांनी मला पदर ओढून आत घेतलं.

तो समोरच्या गाण्याच्या बाईंच्या दारावर लागलाय. एकट्याच राहतात, तीन खोल्या भाड्याने घेऊन. रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून खाकरायच्या. मी चार दिवस ऐकलं आणि मदतक्रमांकावर फोन केला. तुझे दाजी म्हणाले, अगं, गाण्याच्या बाई गळा साफ करणार नाहीत तर काय शेजारचा शिंपी करणार? मी त्यांना गप्प बसवलं. प्रत्येकाने डोळे उघडे ठेवावेत असं वरून सांगितलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. तुझ्यासारखी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी नाही. गाडी आली, घशातला नमुना घेतला, फलक चिकटवला नि गेली.

आता खरं काय ते लिहिते. त्यांच्या तपासणीत काहीच निघालं नाही. तसा कागदही आला त्यांना. पण फलक तिथेच आहे. कुणीतरी त्याचा फोटो काढून फिरवला, आणि ज्या मुली फोनवरून गाणं शिकत होत्या त्यासुद्धा बंद झाल्या. आता फोनमधून काय लागण होते का रे? घरमालकाने निरोप धाडलाय की महिनाभरात दार स्वच्छ दिसलं नाही तर खोल्या सोडा. या दिवसांत त्यांना कोण दुसरी जागा देणार?

फोन मी केला हे त्यांना ठाऊक नाही. तू त्या खात्यात आहेस. कुणाच्या तरी कानावर घाल आणि तेवढा फलक काढायला लाव. वहिनीला नि पोरांना आशीर्वाद. माझ्यावर हसू नकोस.

तुझी,
ताई


९ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो नाही. दाजींच्या शिंप्यावर किंचित हसलो आणि मग उरलेलं पत्र वाचलं.

फलकासोबत जे सूचनापत्र जातं तेही माझंच. ते काढून पाहिलं. फलक किती उंचीवर लावावा, कोणता गोंद वापरावा, घरच्यांनी तो काढल्यास काय शिक्षा, सगळं आहे. तो केव्हा उतरवावा हे कुठेच नाही. मला सुचलंच नाही, ताई. लावायचं म्हटल्यावर मी लावण्याचं लिहिलं.

संचालकांकडे गेलो. एक ओळ वाढवू या म्हणालो. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजावलं: आज फलक उतरवायला निघालो तर लावले कशाला असं लोक विचारतील, निवडणुका तोंडावर आहेत, आणि वरच्यांना 'संशयित' हा शब्द फार आवडला आहे. मी 'बरोबर आहे' असं म्हणालो. चहा प्यायलो. चांगला होता.

घरी बातम्या लागल्या की मी टीव्हीशी भांडतो. बायको म्हणते, त्याला ऐकू येत नाही, उगाच घसा कोरडा करू नका. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासमोर मी 'बरोबर आहे' म्हणतो. इतकी वर्षं तुला अंधभक्त म्हणत आलो. त्याबद्दल तुझी माफी मागावी की आधी स्वतःला एखादं नाव शोधावं, कळत नाही.

तूच काढून टाक, असं लिहिणार होतो. पण फलक काढणाऱ्याची शिक्षा माझ्याच वाक्यात आहे. तेव्हा काही करू नकोस. मी पुन्हा विचारीन. खरंच विचारीन की नाही, हे मला सांगता येत नाही.

दाजींची शुगर सांभाळ. लोभ कमी झाला असेल, उरलेला राहू दे.

तुझा,
बारकू


२७ मे

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

फलक उतरला. कसा ते ऐक.

गाण्याच्या बाई गेल्या आठवड्यात एकदा खिडकीत उभ्या होत्या. मी नेहमीसारखं काही हवं-नको विचारलं. त्यांनी डाळ-तांदूळ आहे म्हणून सांगितलं, आणि मग फलकाकडे बघत, कुणाला आला हो हा संशय, असं विचारलं. रागाने नव्हे. एखादीने वास कुठून येतोय विचारावं तसं. मी दूध उतू जातंय असं सांगून आत पळाले. गॅसवर काहीच नव्हतं.

तुझ्या फलकात सगळं आहे बघ. कुठे राहतात तेही आहे. संशय कुणाला आला तेवढं नाही. मला वाटायचं सरकारला आला. पण सरकार काही त्यांच्या खिडकीखाली कान लावून बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांच्या टेबलावरचा जाड मार्कर घेऊन गेले आणि त्यांच्या दारासमोर उभी राहून फलकावर लिहिलं: 'संशय मला आला होता. तो खोटा ठरला.' खाली आमच्या घराचा नंबर घातला. तुला आवडणार नाही असं अक्षर आलं. सगळी गल्ली खिडकीत. यांनी मला थांबवलं नाही, सावलीत उभं राहा एवढंच आमच्या खिडकीतून ओरडले.

दोन दिवसांत गाडी आली. काढला असता तर गुन्हा होता, मी तर काढला नव्हता. खराब झालेला फलक लगेच उतरवायचा असा त्यांचा नियम निघाला. तो तूच लिहिलायस का? नवा लावायचा तर बाईंच्या घशातला नवा नमुना हवा, तो त्यांच्याकडे नव्हता. माझं नाव, पत्ता लिहून घेतला नि गेले. घरमालक येऊन दार बघून गेला. बाईंना खोल्या राहिल्या.

आता मी गल्लीत मोठी शूर ठरलेय, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं. बाईंनी खिडकी लावून घेतलीय. सकाळचं खाकरणं ऐकू येत नाही, गाणंही नाही. मुलीही परत आलेल्या दिसत नाहीत. हे म्हणतात, त्यांना वेळ दे. देतेय. त्याशिवाय माझ्याजवळ द्यायला काय आहे?

पोरांना पापा. तू विचारलंस का रे पुन्हा?

तुझी,
ताई


११ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं नाही. विचारायच्या आधी संचालकांनीच मला बोलावलं. तुझ्या अक्षरातल्या फलकाचा फोटो टेबलावर होता. तू माझी बहीण आहेस हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. फलकांवर खरडणाऱ्यांना कडक समज देणारी सूचना लिहून आण, असं त्यांनी सांगितलं.

मी बसलो आणि पहिल्यांदाच सूचनेत कर्ता घातला. 'संशयित हा शब्द मी निवडला. फलक आमच्या खात्याने लावले. ते कधी उतरवावेत हे सांगायला मी विसरलो. ज्या बाईने त्यावर लिहिलं, तिने आमचं राहिलेलं वाक्य पुरं केलं.' दोनदा वाचून नेऊन दिलं. ताई, मी नेऊन दिलं.

संचालक रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून, सूचनेत हा 'मी' कुठून आला, असं अगदी मायेनं विचारलं. थकला आहात म्हणाले, घरी न्या आणि उद्या आणा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हवी तशी नेली. 'असे निदर्शनास आले आहे की काही समाजकंटकांकडून अधिकृत फलकांचे विद्रूपीकरण करण्यात येत आहे.' ती छापखान्यात गेली आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लागेल. दाजींना आधीच सांगून ठेव. तू वाचलीस तर शुद्धलेखन तपासू नकोस. त्यात एकही चूक नाही.

लोभ असावा असं लिहायला आज पेन उचलत नाही. शिव्या घालण्यापुरतं का होईना, उलटटपाली लिही.

तुझा,
बारकू