चौथ्या ओळीतल्या खुंट्या

प्रिय भुंगेराव,

लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर प्रबंध लिहिलास म्हणून मीच तुला हे नाव चिकटवलं होतं. आता कंपनीत मोठा साहेब झालास, तरी माझ्यापुरतं तेच.

काल संस्थेमागच्या आपल्या मैदानात गेले होते. धुकं इतकं, की खुंट्या दिसतच नव्हत्या; पायाला ठेच लागली की कळायचं, ओळ आली. पाच ओळी, प्रत्येकीत वीस खुंट्या, अर्ध्या मातीत, अर्ध्या वर. कुठलं लाकूड मातीत किती वर्षं टिकतं ते बघायला वीस वर्षांपूर्वी आपण दोघांनी चिखलात गुडघे टेकून त्या पुरल्या. कुजण्याची वाट बघणारे शेतकरी जगात आपणच, असं तू म्हणालास आणि हसून हसून माझी पुरेवाट झाली. मला अजून स्वप्न पडतं, की तुझ्या ओळीला पालवी फुटलीय आणि आपण फूटपट्टी घेऊन पानं मोजतोय. जाग आल्यावरही थोडा वेळ मी मोजतच असते.

चौथी ओळ तुझी. सालींच्या काढ्यात मुरवलेलं साधं, हलकं लाकूड. त्यात विष नाही की रंग नाही. मोठी झाडं तोडीपासून वाचवायची तर हे टिकलं पाहिजे, या वेडापायी तू जेवणखाण विसरायचास. मग तू कंपनीत गेलास, लग्न केलंस, मुलीचा फोटो पाठवलास. मला खरंच आनंद झाला, आणि दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. ओळ माझ्याकडे राहिली. दरवर्षी एकदा लाकडी हातोड्याने प्रत्येक खुंटीला आडवा ठोका द्यायचा, टिकली तर दहापैकी गुण, मोडली तर शून्य, आणि निकाल तुला पत्राने कळवायचा. त्या पत्रात दोन ओळी निकालाच्या असायच्या, बाकी चार पानं माझी बडबड.

अकराव्या वर्षी तुझ्या पहिल्याच खुंटीतून पोकळ आवाज आला. माझा हात आपोआप हलका पडला. बाकीच्या ओळींना मी दणकून मारलं, तुझ्या ओळीला मात्र झोपलेल्या बाळासारखं थोपटलं आणि वहीत दहापैकी नऊ लिहिले. पुढच्या वर्षीही तेच. नऊ वर्षं तेच. ओळ मोडली असती तर तुला पत्र लिहायला माझ्याकडे निमित्त काय उरलं असतं? लाज वाटते, पण खरं आहे ते.

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. शाळेजवळच्या ओढ्यावर पादचारी पूल, तुझ्या लाकडाचा, माझ्या आकड्यांच्या भरवशावर. पुढच्या महिन्यात फळ्या बसणार. काल मी तुझ्या ओळीलाही सगळ्यांसारखाच ठोका दिला. वीसच्या वीस मोडल्या. संचालकांना आज सगळं लिहून दिलंय. माझी नोकरी गेली तर गेली. तुझं नाव माझ्यामुळे खाली जाईल, याने मात्र जीव तुटतो. फोन दोनदा लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. सरकारी अहवालातून कळण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय. पूल थांबव. मग माझ्यावर हवं तेवढं रागाव, पुन्हा कधी पत्र पाठवू नकोस, पण आधी तो पूल थांबव.

इतकी वर्षं शेवटी 'आपली सहकारी' असं लिहीत आले. आज एवढं खरं बोलल्यावर तेवढं एक खोटं लिहवत नाही.

तुझीच