सतराव्या सिलिंडरचं बेअरिंग

प्रिय कानसेना,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी धाकधूक आहे. तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या कागद गिरणीतल्या, ओला कागद वाळवणाऱ्या सतराव्या सिलिंडरचं बेअरिंग गेल्या आठवड्यात पुन्हा गेलं. जिच्यापायी तुझी नोकरी गेली, तीच जागा.

या वेळी ते मी भंगारात जाऊ दिलं नाही. कापून टेबलावर मांडलं आणि दोन दिवस बघत बसलो. बायको म्हणाली, मला बघायला आलात तेव्हाही इतकं निरखलं नव्हतंत. तेल कमी पडलं असतं तर रोलर जळून काळेनिळे झाले असते ना? ते लखलखीत होते. आतली रिंग मात्र उभी तडकलेली, थंड काचेत उकळतं पाणी ओतावं तशी. पोटभर तेल मिळालेलं बेअरिंग मरतं कशानं?

जुने वाफेचे तक्ते उपसले. दोन्ही वेळा मशीन तीन दिवस बंद राहून नुकतं सुरू झालेलं. वाफ सिलिंडरमध्ये शिरते ती मधल्या पोकळ दांड्यातून. दांडा आधी तापतो, त्यावरची रिंग फुगते. बेअरिंगचं बाहेरचं घर अजून गारच. वाफ हळूहळू सोडली तर दोन्ही बरोबरीनं तापतात. घाईनं सोडली, तर मधली फट मिटते आणि रिंग फुटते. काल मशीन सुरू करताना दोन्हीकडे तापमापक लावले. वीस मिनिटांत साठ अंशांचा फरक! लहान पोरासारखा नाचलो.

आणि मग तू आठवलास. अकरा वर्षांपूर्वी बेअरिंगवर टेकवलेला स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तू म्हणाला होतास, "हे कोरडं वाजत नाहीये, आवळलंय." फोरमन हसला. मीही हसलो, आणि 'तेलपाण्यात हयगय' असं लिहिलेल्या अहवालावर सही केली.

त्या सकाळी माल पाठवायची घाई होती, म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह भराभर मीच उघडला होता. त्यानं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं. पण चौकशीत घाईची गोष्ट गिळली, ती समजून-उमजून. आज मोठ्या साहेबांना हे लेखी दिलं. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं त्यांच्या सहीचं पत्र सोबत आहे. माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. माफी मागायला तोंड नाही. वाटलं तर एवढंच कळव: नुसत्या आवाजावरून तुला ते कळलं कसं?

तुझाच,
फिटर