विरजण नावाचं फोल्डर

प्रिय शालू,

तुला जाऊन सात महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण मला माझीच शिसारी आली आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आपल्या स्टुडिओतला कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात बसला. जळगावहून दुरुस्तीवाला बोलावला. गाणी त्याने नीट उतरवून घेतली आणि मग विचारलं, "आबा, हाई विरजण काय शे? ठेवू का काढू?"

स्क्रीनवर तुझं फोल्डर होतं. मला वाटलं, तुझे ते स्वयंपाकाचे व्हिडिओ असतील. घरात आता दही लावणारं आहे कोण? म्हटलं, "काढी टाक."

चहा पीत म्हणालो गं. कप खालीसुद्धा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुळाअक्का श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी रेकॉर्डिंगला द्यायला आल्या, सोबत गल्लीतल्या चार बायका. आपलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर ते मलाच विचारतं, नवीन आहात का, ओळख करून देऊ का? अकरा वर्षं आपण दोघं त्याच्यासमोर पाठ मोडेस्तोवर बसलो आणि त्याने असं विचारावं? त्या गोडगोड पाटीची किळस आली मला.

अक्षरं मुंगीएवढी. कीबोर्डवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन तू मला रेकॉर्डिंगचं बटण दाखवून ठेवलं होतंस ना? ते दाबलं, तर आधीच्या गाण्याचे मधोमध दोन तुकडे झाले. हेडफोनमधून अक्कांच्या कानात वाजणारी तालाची टकटक थांबेना, आणि त्यांचाच आवाज त्यांना उशिरा ऐकू यायला लागला. हेडफोन काढून म्हणाल्या, "भाऊ, मी गाते न् मागून कोणीतरी मला वेडावतं. शालू बसायची तवा असं नव्हतं." आणि बायकांना घेऊन निघून गेल्या.

ती गाणी पुरी आता एकट्या अक्कांनाच येतात. त्यांना दम पुरत नाही. पुढच्या श्रावणापर्यंत गळा राहील का त्यांचा?

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर म्हणतो, "गाना बठ्ठा शेतस ना आबा? मंग सेटिंग परत करी ल्या." गाणी सगळी आहेत ना, म्हणे! फोनवरच थुंकावंसं वाटलं. पण त्याने विचारलं होतं. टाक म्हणणारा मीच.

मग तुझं बोलणं आठवलं. "अहो, गाणी म्हणजे दूध. रोज नवं येईल. या सेटिंगा म्हणजे विरजण. दर रविवारी वाटीभर बाजूला काढायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून." मी ढोलकीवरचा हात न काढता हो हो केलं होतं.

पण शालू, नाव तरी सरळ द्यायचं होतंस. सेटिंग असं लिहिलं असतंस, तर मी टाकलं असतं का? खरं सांगू? टाकलंच असतं. सेटिंग तरी मला कुठे कळत होतं?

कुणावर तरी ओरडायचं म्हणून दोंडाईचाला भाचीला फोन लावला. रोहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "मामा, मामीने माझ्याकडे विरजण देऊन ठेवलंय की. म्हणाली होती, आपलं नासलं तर दुसऱ्या घरून मागता आलं पाहिजे."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पाठव.

तिने पाठवलं, मी लावलं. लाल ठिपका पुन्हा माझं ऐकू लागला. दोनदा टकटक होऊन थांबते, आवाज वेळेवर येतो. फक्त अक्षरं बारीकच राहिली. पोरीचे डोळे तरुण, तिच्या कॉम्प्युटरवर वापरताना तिने ती आपल्या सोयीने बारीक केलेली. ती सेटिंग माझी मी शोधली. अर्धा दिवस गेला, दोनदा सगळी स्क्रीन काळी झाली, पण अक्षरं मोठी केली. तू माझ्यासाठी ती इतकी मोठी करून ठेवली होतीस, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

गुरुवारी अक्का पुन्हा येतायत. मीच जाऊन हात जोडून आलो.

आता दर रविवारी कॉपी काढीन. एक इथे ठेवीन, एक दोंडाईचाला पाठवीन. कळत नाही ते टाक म्हणणार नाही. आणि फोल्डरचं नाव बदलणार नाही. विरजणच राहील.

तुझ्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून बसलेला,
रघुनाथ
पाचोरा